आधी परतीचा हिशेब

कुंभकोणमच्या रामस्वामी मंदिरात राम आणि सीता एकाच आसनावर शेजारी शेजारी बसलेले आहेत. सतराव्या शतकात तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या काळात उभ्या राहिलेल्या या मंदिराच्या प्रदक्षिणामार्गावर भिंतीने रांगेत रामायण रंगवलेले आहे. सुट्टीत आलेली कुटुंबे मुलांना एकेक प्रसंग दाखवत पुढे सरकतात. त्यात सुवर्णमृगाचा प्रसंग आला की थांबावेसे वाटतेच.

या प्रसंगाकडे आपण नेहमी मोहाची कथा म्हणून पाहतो. पण निव्वळ शिकारीच्या दृष्टीने पाहिले, तर ती मोहीम निघतानाच फसलेली होती. किती दूर जायचे ते ठरले नव्हते. कुठून मागे फिरायचे ते ठरले नव्हते. रानातून हाक ऐकू आली, तर ती खरी की खोटी ओळखण्याची खूणही ठरली नव्हती. हरीण पुढे, शिकारी मागे, आणि आश्रमात राहिलेल्यांना एवढेच ठाऊक की माणूस ‘आत्ता येतो’ म्हणून गेला आहे.

डोंगरात घोडे घेऊन मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणारे आजही जगात हजारोंनी आहेत. त्यांच्यातल्या ज्यांची फटफजिती होते, किंवा ज्यांच्यावर त्याहून वाईट प्रसंग येतो, त्यांचे बहुधा इथेच चुकलेले असते. नेम धरण्याची तालीम वर्षभर केलेली असते. परतीचा हिशेब मात्र कोणी मांडलेला नसतो.

कुंभकोणम हे काही शिकारीचे गाव नव्हे. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या कुशीतला हा सपाट, ओला मुलूख. भात, केळी, विड्याची पाने, पितळेची भांडी आणि डिग्री कॉफी ही त्याची ओळख. थंड हवेचा मोठा डोंगर पाहायचा, तर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून कोडाईकनाल गाठायचे. घोडे मात्र इथे जुन्या ओळखीचे. गावापासून चारेक किलोमीटरवर दारासुरमचे बाराव्या शतकातले ऐरावतेश्वर मंदिर आहे. त्याचा पुढचा मंडपच मुळी घोडे जुंपलेल्या रथासारखा घडवलेला आहे. पुढे १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांबरोबर हाडामांसाचे मराठी घोडे या मुलखात आले. त्यांच्या मागोमाग कारकून आले, कीर्तनकार आले, मोडी लिपी आली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमातच एका मराठी घराण्यात जन्मले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तर ‘अश्वशास्त्र’ हा चित्रांनी नटलेला ग्रंथ आजही जपून ठेवलेला आहे. (सांबार हा पदार्थही तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यातच जन्मला, असे सांगतात. कथा चविष्ट आहे. खरी-खोटी कोण जाणे. इथे विषय आहे तो सांबाराचा नव्हे, सांबराचा.)

एक नाव, तीन प्राणी

मद्रास इलाख्यात नोकरीला आलेल्या इंग्रज साहेबांना इथल्या जनावरांना आपल्याकडची नावे देण्याची मोठी हौस होती. गव्याला ते ‘बायसन’ म्हणत. निलगिरीच्या कड्यांवरच्या ताहराला, म्हणजे आज तमिळनाडूचा राज्यप्राणी असलेल्या जंगली शेळीच्या भाईबंदाला, त्यांनी ‘आयबेक्स’ ठरवले. आणि सांबर त्यांच्यापैकी अनेकांच्या बोलण्यात आणि लिहिण्यात ‘एल्क’ झाले. समुद्रापलीकडे श्रीलंकेतही तेच. तिथे नुवारा एलियाच्या पठारावर वसाहत करणाऱ्या सॅम्युएल बेकरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शिकारीची जी पुस्तके लिहिली, त्यांत पानोपानी ‘एल्क’ धावते. ते सारे सांबरच.

खुद्द युरोपात एल्क म्हणतात ते वेगळ्याच जनावराला. फावड्यासारख्या पसरट शिंगांच्या त्या महाकाय हरणाला अमेरिकेत ‘मूस’ हे नाव आहे. आणि अमेरिकेत ज्याला एल्क म्हणतात ते ‘वापिटी’. शॉनी या मूळ अमेरिकी जमातीच्या भाषेत त्याचा अर्थ पांढऱ्या पुठ्ठ्याचा. काश्मीरचा हंगुल हा त्याचा आपल्याकडचा जवळचा नातलग.

नावांचा हा घोळ मजेदार आहे, पण सांबर आणि अमेरिकी एल्क यांच्यात एक साम्य पक्के आहे. दोघेही भारदस्त. पूर्ण वाढलेला सांबर नर अडीचशे-तीनशे किलोचा सहज भरतो. रॉकी पर्वतातला एल्क नर त्याच्या थोडा पुढेच. चितळासारखे खांद्यावर टाकून आणावे असे हे जनावर नाही. म्हणून तर घोडे लागतात. आणि घोडे आले की सगळी तयारी घोड्यांभोवती फिरू लागते.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. घोड्यावरची शिकार म्हणजे भरधाव घोड्यावरून बंदूक झाडणे नव्हे. ते चित्रपटात. निलगिरी-पळणीच्या डोंगरात काय किंवा आज कोलोरॅडो-वायोमिंगमध्ये काय, घोडा तळापर्यंत आणि तळावरून रानाच्या तोंडापर्यंत नेतो. तिथून पुढे माणूस पायीच जातो. घोड्याचे खरे काम सुरू होते ते बार उडाल्यानंतर.

परवाना हाती येईपर्यंत

साहेबांच्या काळी मन मानेल तशी शिकार चालत असे, असाही एक समज आहे. काही वर्षे तसे चाललेही. परिणाम असा झाला की निलगिरीवरची हरणे आणि ताहर झपाट्याने संपू लागले. माद्या आणि पाडसेही सुटत नव्हती. शेवटी खुद्द शिकाऱ्यांनाच भीती वाटू लागली आणि १८७७ मध्ये त्यांनी शिकारीच्या जनावरांच्या रक्षणासाठी मंडळ काढले. १८७९ मध्ये मद्रास सरकारने निलगिरीपुरता कायदा केला. परवाना आला, शिकारबंदीचे महिने ठरले. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीही उटकमंडला निघालेल्या माणसाच्या यादीत पहिली वस्तू बंदूक नव्हती, कागद होता.

आपल्या देशात तो कागद आता मिळतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबराला संरक्षण दिले आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे उरलेसुरले दारही बंद झाले. ते योग्यच झाले. सांबर हे वाघाचे मुख्य अन्न. ते कमी झाले की वाघ गावाच्या गोठ्याकडे वळतो.

पण मराठी कुटुंबे आता डेन्व्हरलाही आहेत आणि सॉल्ट लेक सिटीलाही. शेजारी किंवा कचेरीतला सहकारी शरद ऋतूत आठवडाभर डोंगरात गायब होतो, परतताना मांसाच्या थैल्या घेऊन येतो आणि एखाद्या वर्षी विचारतो, ‘येतोस का?’ होकार देण्याआधी पंचांग पाहावे लागते ते असे : वायोमिंगमध्ये परराज्यातल्या माणसाला एल्कच्या परवान्यासाठी फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच अर्ज करावा लागतो, कोलोरॅडोत एप्रिलच्या सुरुवातीला. मग सोडत निघते. चांगल्या भागाचा परवाना पहिल्या वर्षी मिळेलच असे नाही. दरवर्षी अर्ज करून गुण साठवत बसावे लागते. कोलोरॅडोत १९४९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केल्याचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. वायोमिंगच्या राखीव निर्जन अरण्यात परराज्यातल्या शिकाऱ्याला वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. जो त्या देशाचा नागरिक नाही, त्याने तर बंदुकीला हात लावण्यापूर्वी आपल्या व्हिसावर ते चालते का, हे नीट विचारून घ्यावे. मित्राची बंदूक क्षणभर धरली, एवढेही महागात पडू शकते.

एवढा बंदोबस्त कशासाठी? विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर अमेरिकेतले एल्क लाखाच्या आत आले होते. आज ते दहा लाखांच्या आसपास आहेत. परवान्यांचा पैसा आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवर बसवलेला कर त्यांच्या संगोपनासाठी जातो. शिकार पटो न पटो, हा हिशेब त्यांनी चोख ठेवला आहे, हे मान्य करायला हवे.

शिलेदार की बारगीर

मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर. रॉकी पर्वतात जाणाऱ्यापुढे आजही हाच प्रश्न असतो. स्वतःचे घोडे न्यायचे, की डोंगरातल्या व्यावसायिकाकडून घोडे, तंबू आणि वाटाड्या असे सगळे भाड्याने घ्यायचे? दुसरा मार्ग खर्चिक आहे. आठवड्याच्या पूर्ण व्यवस्थेला पाच हजार डॉलरच्या पुढेच मोजावे लागतात आणि परवान्याचे पैसे वेगळे. मधला मार्गही आहे. व्यावसायिक आपल्या घोड्यांवरून माणसे आणि सामान तळावर पोहोचवतो, ठरल्या दिवशी न्यायला येतो. मधले दिवस आपले आपण. नवख्याने बारगीर व्हावे, हेच बरे. शिलेदारी दिसायला रुबाबदार असते, पण घोडा हे भाड्याचे वाहन नव्हे की किल्ली फिरवली आणि निघाले.

घोड्याचा हिशेब वजनापासून सुरू होतो. स्वार, खोगीर आणि खोगिराला लटकवलेले सारे मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावे, असा अनुभवी माणसांचा दंडक आहे. साडेचारशे किलोच्या घोड्यावर नव्वद किलो. त्यातले पंधरा-वीस किलो खोगिराचेच. म्हणजे नव्वद किलोच्या गृहस्थाने मोठा घोडा मागावा, किंवा सहा महिने आधी भात कमी करावा. नुसते ओझे वाहणाऱ्या जनावरावर सत्तर-ऐंशी किलोच टाकतात, कारण स्वार चढणीवर पुढे झुकून घोड्याला मदत करतो. बोचके ती करत नाही. दोन्ही बाजूंच्या पेटाऱ्यांचे वजन काट्यावर तोलून सारखे करावे लागते. एका बाजूला किलो-दोन किलोचा फरक राहिला, तर दहा मैलांनी खोगीर सरकते आणि पाठीला चट्टा पडतो. पाठ सोललेला घोडा दुसऱ्या दिवशी निकामी.

माथेरानला गेलेल्यांना याची थोडी कल्पना येईल. दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात आणि पुढे माणसांबरोबर सामानसुमानही घोड्यांच्या पाठीवर चढते. तिथला घोडेवाला ओझे बांधताना दोर कितीदा ओढून पाहतो, ते एकदा उभे राहून पाहण्यासारखे आहे.

डोंगर आणि घोडा यांच्या बाबतीत उतावळेपणा काय करतो, याचे उदाहरण बेकरनेच लिहून ठेवले आहे. १८४८ मध्ये तो कुटुंबकबिला, गुरे, घोडे आणि बग्गी असा सारा संसार घेऊन श्रीलंकेत आला. बग्गी घेऊन नुवारा एलियाचा घाट चढण्याचे काम त्याने इंग्लंडहून आणलेल्या मोतद्दारावर सोपवले. मैदानी रस्त्यांवर वाढलेल्या त्या गड्याने घाटाचा अंदाज न घेता गाडी हाकली आणि बग्गी घोड्यांसह दरीत गेली. मग बग्गी वर ओढायला हत्ती पाठवला. मोतद्दाराने त्या हत्तीलाही दम न घेऊ देता चढणीवर असे पिटाळले की तो बिचारा प्राणालाच मुकला. बेकरने हे सारे विनोदी ढंगाने सांगितले आहे. वाचताना हसू येते, हत्तीपाशी आले की ते थांबते.

कोडाईकनालची जुनी वाटही अशीच परीक्षा पाहणारी होती. १८४५ मध्ये मदुराईच्या अमेरिकी मिशनऱ्यांनी तिथे पहिली घरे बांधली. १९१० च्या दशकात मोटाररस्ता होईपर्यंत पायथ्याच्या आमराईपर्यंत बैलगाडीने यायचे आणि तिथून सुमारे बारा मैलांची चढण तट्टावर, डोलीत किंवा पायी पार करायची. दोन हजार मीटरच्या वर पोहोचायचे. कुंभकोणमसारख्या सखल गावातला घोडा त्या वाटेवर आणून भागत नसे. तिथे उंचीने ठेंगणे, पायाने खात्रीचे डोंगरी तट्टूच हवे. हीच गोष्ट आजही खरी आहे. मैदानातल्या तबेल्यात पोसलेला घोडा तीन हजार मीटरवर नेला, तर त्याला विरळ हवेची सवय व्हायला काही दिवस द्यावे लागतात. त्याच्या मालकालाही.

घोडा निवडताना आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. बंदुकीच्या आवाजाला तो बुजतो का? आणि रक्ताच्या वासाला? उमदा, शांत घोडाही पाठीवर ताजे मांस चढताच उसळतो आणि दोर-पेटारे उधळून देतो, असे अनेकदा घडते. जाणते लोक घरीच त्याची सवय करतात. मोहिमेच्या आधी निदान दोन-तीन महिने त्याच्या पाठीवर रोज थोडे ओझे, थोडी चढण. नाल निघायच्या आठवडाभर आधी नवे, आणि एखादा जादा नाल, खिळे, हातोडी बरोबर. डोंगरात नाल पडलेला घोडा म्हणजे माणसाच्याच पायात काटा.

खोगीरभरती नको

निरुपयोगी भरताडाला आपण खोगीरभरती म्हणतो. सामानाची यादी करताना हा शब्द कागदाच्या वरच लिहून ठेवावा.

तळावर लागते ते मोजकेच असते. तंबू, लोकरीचे कपडे, कोरडे मोजे, पावसाचा कोट, शेगडी, कुऱ्हाड-करवत, दोर, औषधपेटी, नकाशा आणि होकायंत्र. ऑक्टोबरात त्या डोंगरात दुपारी ऊन आणि रात्री फूटभर बर्फ, असे होऊ शकते. सुती कपडा एकदा भिजला की अंगावरच गारठतो. म्हणून जीनची पँट घरी. कोलोरॅडोत बंदुकीच्या हंगामात कमरेवर ठरावीक मापाचे भडक नारिंगी कपडे आणि तशीच टोपी सक्तीची आहे. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र दिसतो, आणि तेवढ्यासाठीच तो असतो.

खाण्याच्या बाबतीत मराठी घर कोणाला हार जाणार नाही. भाजके पोहे, दाण्याचा लाडू, सातूचे पीठ, मेतकूट यांसारखे हलके, टिकाऊ, उभ्या उभ्या खाता येणारे पदार्थ अमेरिकी दुकानातल्या पाकिटांना भारी पडतील. फक्त रात्री ते तंबूत ठेवायचे नाहीत. अस्वलांच्या मुलखात अन्न झाडाला टांगतात, जमिनीपासून तीनेक मीटर उंच आणि खोडापासून हातभर नव्हे, चांगले सव्वा मीटर दूर.

घोड्यांचे खाणे हा वेगळा अध्याय. राष्ट्रीय वनांत कोलोरॅडोसारख्या ठिकाणी तणाच्या बिया नसल्याचे प्रमाणपत्र असलेलीच वैरण नेता येते, कारण घोड्याच्या लिदीतून परके तण रानात पसरते. रात्री घोडे झाडाला बांधून ठेवले, तर ते खुरांनी मुळे उकरतात. आपल्याकडे छावणीत घोड्याला अगाडी-पिछाडी लावत. तिकडे दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळून घोड्याच्या डोक्याहून उंच दोर ताणतात आणि त्याला घोडे अडकवतात. चरायला सोडताना पुढच्या पायांत पायबंद. पाण्यापासून साठेक मीटर लांब. यातले काही चुकले आणि पहाटे घोडे पायथ्याच्या तबेल्याकडे निघून गेलेले दिसले, की शिकारी दहा मैल चालत खाली येतो.

बार उडण्याआधी

आता मुख्य गोष्ट. एल्क नरापासून हाडे वगळून शंभर किलोच्या आसपास मांस मिळते. डोके-शिंगे न्यायची असली तर ती वेगळी. म्हणजे ओझ्याचे दोन घोडे हवेत आणि तेही जनावर पडेल तिथपर्यंत पोहोचू शकणारे. इथेच अनुभवी आणि नवखा यांतला फरक दिसतो. नवखा हरीण किती दूर आहे ते पाहतो. अनुभवी माणूस हरीण कुठे उभे आहे ते पाहतो. खाली उभा कडा, पडलेल्या झाडांचा खच, संध्याकाळचे पाच वाजलेले आणि तळ डोंगराच्या पलीकडे; अशा वेळी समोर सहा फाट्यांच्या शिंगांचा नर उभा असला, तरी जाणता शिकारी बंदूक खाली घेतो. दरीच्या तळाशी मेलेले जनावर वर आणता येत नाही.

कारण पुढचे काम घड्याळाशी असते. एवढ्या मोठ्या जनावराच्या अंगातली ऊब सहजी निघत नाही. जाड कातडे आणि दाट केस ती धरून ठेवतात आणि बाहेर थंडी असली तरी मांड्यांच्या हाडापाशी मांस आंबू लागते. म्हणून पोट ताबडतोब साफ करायचे, कातडे सोलायचे, चार फऱ्या वेगळ्या करून वारा लागेल अशा सावलीत जाळीदार कापडी पिशव्यांत टांगायच्या. दोघांना यात दोन-तीन तास सहज जातात. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा तिकडे गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. शिंगे तेवढी सोडवून घेऊन धड रानात कुजत टाकणाऱ्याला शिकारी म्हणणे शिकाऱ्यांनाही आवडत नाही.

मांस घरी आले तरी हिशेब संपत नाही. एल्क आणि इतर हरणांत मेंदू पोखरणारा एक जुनाट रोग अनेक राज्यांत पसरला आहे. माणसाला त्याची बाधा झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, पण रोगग्रस्त जनावराचे मांस खाऊ नये, असा तिथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. तेव्हा डोक्याचा नमुना तपासणीला द्यायचा आणि अहवाल येईपर्यंत थैल्या शीतपेटीत बंद ठेवायच्या. घरात मुले असतील तर हे विसरून चालणार नाही.

आणि निघण्यापूर्वी घरी एक कागद. गाडी कुठे लावणार, कोणत्या वाटेने वर जाणार, तळ कुठे, कोण कोण बरोबर, घोडे किती, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत परतणार आणि त्या वेळेनंतर किती तास वाट पाहून कोणाला फोन करायचा. डोंगरात मोबाईल फोन लागेलच, हे गृहीत धरायचे नाही. हा कागद ज्याच्याकडे ठेवायचा, त्याने ठरलेल्या वेळी संकोच न करता फोन फिरवायचा असतो. ‘उगाच काळजी करतेस’ असे नंतर ऐकावे लागले तरी. उशीर झालेला माणूस सुखरूप परतला, तर थोडी चेष्टा होते एवढेच. पाय मोडून दरीत पडलेला असला, तर त्या फोनवर त्याचा जीव असतो.

कुंभकोणम-तंजावरच्या बाजूला आता घोडदळ नाही, पागा नाहीत. सणासुदीला आणि मिरवणुकीत मात्र ‘पोय्क्काल कुदिरै’ नाचतो, म्हणजे खोट्या पायांचा घोडा. हा नाच मराठी राजवटीत इथे रुजला, असे सांगतात. बांबू आणि कागदाचा रंगीत घोडा नर्तक कमरेला अडकवतो, पायांना लाकडी पाय बांधतो आणि राजा-राणीच्या थाटात ढोलाच्या तालावर फेर धरतो. या घोड्याला चंदी लागत नाही, नाल लागत नाहीत. तो बुजत नाही आणि रात्री पळूनही जात नाही. ओझे मात्र सगळे स्वाराच्याच पायांवर असते, म्हणून दोन फेऱ्यांनंतर नर्तक बाजूला येतो, घोडा उतरवून भिंतीला टेकवतो आणि पाणी मागतो.